उपऱ्यांचा आश्रयदाता : काउंट झिंझेंडॉर्फ



पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला काही शब्द स्वस्थ बसू देत नाहीत. ‘उपरी’ हा त्यांतलाच एक शब्द. शब्बाथाची आज्ञा आपण सर्वांनी लहानपणी पाठ केली आहे. त्या आज्ञेत पुत्र, कन्या, दास, दासी आणि गुरेढोरे यांच्या बरोबरीने वेशीच्या आत राहणाऱ्या उपऱ्यालाही विसाव्याचा वाटा दिलेला आहे. मूळ इब्री शब्द ‘गेर’. आपला मुलूख सोडून दुसऱ्यांच्या मुलखात वस्तीला आलेला, जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क नसलेला मनुष्य, असा त्याचा अर्थ. मराठी भाषांतरकारांनी त्याला शोधलेला प्रतिशब्द गावगाड्यातून उचललेला आहे. जुन्या मराठी मुलखात शेतकरी दोन प्रकारचे असत. ज्याची जमीन वडिलोपार्जित तो मिरासदार. बाहेरगावाहून येऊन मुदतीच्या बोलीवर जमीन कसणारा तो उपरी. उपरी गावात राही, गावाला सारा भरी, पण गावचा होत नसे.

परमेश्वराने आपल्या लोकांना उपऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावयास सांगितले, आणि त्याचे कारणही दिले : तुम्ही स्वतः मिसर देशात उपरी होता. हे वचन आपण पुष्कळदा वाचतो. दारी आलेल्या अनोळखी माणसाला एक रात्र ओसरी देणे, पानात चार घास वाढणे, हे आपल्या संस्कृतीत अवघडही नाही. पण वाचकहो, तो मनुष्य दुसऱ्या दिवशी गेला नाही तर? त्याच्या पाठोपाठ त्याचे भाऊबंद आले, त्यांच्या चालीरीती आपल्याहून निराळ्या निघाल्या, ते आपसांत भांडू लागले, आणि त्यांना ठेवून घेतल्याबद्दल सरकारची आपल्यावर वक्रदृष्टी झाली तर? आश्रयाची खरी कसोटी तेथे लागते. या कसोटीला उतरलेल्या, आणि काही ठिकाणी तीत उणा पडलेल्या एका माणसाचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहे. त्याचे नाव निकोलाउस लुडविग, काउंट फॉन झिंझेंडॉर्फ.

निर्वासिताचा नातू

झिंझेंडॉर्फ यांचा जन्म २६ मे १७०० रोजी जर्मनीतील सॅक्सनी राज्याची राजधानी ड्रेस्डेन येथे झाला. घराणे मूळचे ऑस्ट्रियातील, मोठ्या सरदारांचे. परंतु त्यांचे आजोबा माक्सिमिलियान एरास्मुस यांनी आपल्या प्रॉटेस्टंट विश्वासासाठी १६६१ मध्ये ऑस्ट्रिया सोडला आणि ते जर्मनीत येऊन राहिले. म्हणजे ज्या मुलाला पुढे शेकडो आश्रयार्थींचा यजमान व्हावयाचे होते, तो स्वतः एका निर्वासिताचा नातू होता. मिसर देशाची आठवण ठेवण्याची आज्ञा त्याला आपल्या घराण्याच्या इतिहासातच वाचावयास मिळाली होती.

बाळ सहा आठवड्यांचे असताना वडील वारले. काही वर्षांनी आईने दुसरा विवाह केला आणि निकोलाउसचे संगोपन आजीकडे, ग्रोसहेनर्सडॉर्फच्या वाड्यात झाले. ही आजी, हेन्रिएटा फॉन गेर्सडॉर्फ, लॅटिन, ग्रीक व इब्री जाणणारी विदुषी होती. त्या काळी जर्मनीत भक्तिमार्गी ख्रिस्ती लोकांची जी चळवळ उभी राहिली होती, तिचे पुढारी स्पेनर हे या घराचे स्नेही. निकोलाउसच्या बाप्तिस्म्याच्या वेळी ते धर्मपिता होते. प्रार्थना आणि शास्त्रवाचन यांच्या वातावरणात हा मुलगा वाढला.

दहाव्या वर्षी त्याला हाले येथे फ्रांके यांच्या विद्यालयात पाठविण्यात आले. येथे आपल्या देशाशी त्याचा पहिला संबंध आला. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी, म्हणजेच ट्रांकेबार, येथे १७०६ मध्ये गेलेले झीगेनबाल्ग व प्ल्युट्शाउ हे मिशनरी हालेच्याच परंपरेतले. त्यांची वृत्ते फ्रांके यांच्या मेजावर वाचली जात आणि हा मुलगा ती कान देऊन ऐके. समवयस्क मित्रांना जमवून त्याने प्रभूची सेवा करण्याचा एक बालसंकल्पही केला. मोहरीच्या दाण्याचे नाव त्या मंडळाने घेतले होते.

घरच्यांना मात्र त्याने दरबारी नोकरी करावी असे वाटत होते. त्याने विटेनबर्ग येथे कायद्याचा अभ्यास केला आणि १७२१ मध्ये ड्रेस्डेनच्या दरबारात न्यायखात्यात पद स्वीकारले. पुढच्याच वर्षी त्यांनी आजीकडून बेर्थेल्सडॉर्फ नावाची जहागीर विकत घेतली आणि एर्डमूथ डोरोथेआ या भक्तिमान तरुणीशी विवाह केला. बावीस वर्षांचा, नुकता संसार मांडलेला, उमेदीचा जहागीरदार! निर्वासितांची वसाहत उभारावी असा विचारही त्यांच्या मनात नव्हता.

रात्रीच्या वाटेने आलेली माणसे

सॅक्सनीच्या दक्षिणेला डोंगरांपलीकडे बोहेमिया आणि मोराव्हिया हे प्रांत होते. आज ते चेक प्रजासत्ताकात आहेत. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या हाप्सबुर्ग सम्राटाच्या सत्तेखाली होते. या भूमीत यान हुस यांना १४१५ मध्ये शास्त्राच्या साक्षीसाठी जिवंत जाळण्यात आले होते. त्यांच्या शिकवणीतून १४५७ मध्ये ‘बंधूंची एकता’ नावाची मंडळी जन्मली. माझ्यासारख्या भाषांतरकाराला या मंडळीविषयी विशेष आदर वाटतो, कारण मूळ भाषांवरून केलेले चेक भाषेतील क्रालित्से बायबल तिनेच सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापून पूर्ण केले. परंतु १६२० च्या लढाईत प्रॉटेस्टंट पक्षाचा पराभव झाला. उपासनेला बंदी आली, ग्रंथ जाळले गेले, हजारो कुटुंबे परागंदा झाली. या मंडळीचे थोर बिशप आणि शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांचाही मृत्यू १६७० मध्ये हॉलंडमध्ये निर्वासित म्हणूनच झाला. मागे राहिलेल्या कुटुंबांतून आजोबांनी नातवंडांना गुपचूप शिकविलेली वचने आणि गीते तेवढी उरली.

ख्रिस्टियन डेव्हिड हा मोराव्हियातला एक सुतार. रोमन कॅथलिक घरात जन्मलेला, शास्त्र वाचून सुवार्तेकडे वळलेला, मिळेल त्या वाटेने सीमा ओलांडून गुप्तपणे साक्ष देणारा मनुष्य. १७२२ मध्ये त्याची झिंझेंडॉर्फ यांच्याशी भेट झाली. छळ सोसणाऱ्यांना जागा मिळेल का, असे त्याने विचारले, आणि तरुण काउंटने काहीशा सहजपणे होकार दिला. इतक्या लवकर कोणी येऊन उभे राहील, असे त्यांना वाटले नसावे.

पण ख्रिस्टियन डेव्हिड शब्द धरून बसणारा होता. तो परत गेला. मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री नायसर नावाच्या दोन भावांची कुटुंबे घरदार तसेच टाकून, लहान मुले बरोबर घेऊन त्याच्यामागे निघाली. हे भाऊ चाकू-सुऱ्या घडविणारे कारागीर होते. त्यांच्याबरोबर मिखाएल येश्के नावाचा त्यांचा एक नातलगही होता. हे आडनाव ध्यानात ठेवा, ते पुढे पुन्हा भेटेल. जून महिन्यात ही टोळी बेर्थेल्सडॉर्फला पोहोचली. काउंट घरी नव्हते. व्यवस्थापक हाइट्झ यांनी लोएबाउ-झिटाउ रस्त्याजवळच्या हूटबर्ग टेकडीच्या उतारावर त्यांना जागा दाखविली. आजीबाई प्रथम थोड्या साशंक होत्या, परंतु लेकरांना दूध मिळावे म्हणून त्यांनी एक गाय पाठवून दिली. १७ जून १७२२ रोजी ख्रिस्टियन डेव्हिडने पहिल्या झाडावर कुऱ्हाड घातली. परमेश्वराच्या वेदीजवळ चिमणीलाही घरटे मिळते, असे सांगणारे स्तोत्र त्या वेळी त्याच्या मुखी होते, असे परंपरा सांगते. या वस्तीला हेर्नहूट हे नाव मिळाले. प्रभूची राखण, असा त्याचा अर्थ.

डिसेंबरात काउंट आपल्या नव्या पत्नीला घेऊन जहागिरीवर आले, तेव्हा झाडीतून एका नव्या घराचा दिवा दिसला. चौकशी करता ते मोराव्हियातून आलेल्यांचे घर असल्याचे कळले. ते गाडीतून उतरले, आत गेले, त्या लोकांचे स्वागत केले आणि त्यांच्याबरोबर गुडघे टेकून प्रार्थना केली. त्या काळी जहागीरदाराने सुताराच्या झोपडीत गुडघे टेकणे ही साधी गोष्ट नव्हती.

पाहुणे भांडू लागले

इथपर्यंतची कथा गोड आहे, वाचकहो, आणि बहुतेक उपदेशांत ती येथेच थांबते. पण खरी कथा येथून सुरू होते.

पुढील पाच वर्षांत लोक येतच राहिले. १७२७ पर्यंत वस्ती सुमारे ३०० ची झाली. त्यांत मोराव्हियातील जुन्या बंधु-मंडळीचे वंशज होते, तसेच लुथरन, रिफॉर्म्ड आणि कोणत्याच मंडळीत न मावणारे लोकही होते. ज्या माणसाने विश्वासासाठी घर सोडले, तो विश्वासाच्या बारीकसारीक मुद्द्यांवर सहजासहजी नमते घेत नाही. प्रभुभोजनाची पद्धत, पाळकाचा अधिकार, मंडळीचे नियम, प्रत्येक गोष्टीवर वाद माजला. एका फुटीर उपदेशकाने तर काउंट म्हणजे प्रकटीकरणातील श्वापद आणि गावचे पाळक रोथे म्हणजे खोटा संदेष्टा, असा प्रचार चालविला. दुःखाची गोष्ट अशी की, साक्षात ख्रिस्टियन डेव्हिडही काही काळ त्या नादी लागला आणि वस्तीबाहेर वेगळी झोपडी बांधून राहिला.

ज्यांना जमीन दिली, लाकूड दिले, त्यांनीच यजमानाला श्वापद म्हणावे! आपण त्या जागी असतो तर काय केले असते? उपकारांची जाण नाही म्हणून हात झटकले असते. झिंझेंडॉर्फ यांनी उलट केले. १७२७ मध्ये त्यांनी दरबारच्या कामातून रजा घेतली, ते सहकुटुंब हेर्नहूटला राहावयास आले आणि घरोघर जाऊ लागले. प्रत्येकाजवळ बसून त्यांनी त्याचे म्हणणे ऐकले. दानधर्म ड्रेस्डेनमध्ये बसूनही करता आला असता. समेटासाठी मात्र शेजारी येऊन राहावे लागले.

१२ मे १७२७ रोजी वस्तीसाठी नियम ठरले आणि रहिवाशांनी त्यांवर सह्या केल्या. त्यातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या प्रदेशात जहागिरीतील कुळे म्हणजे जवळजवळ वेठबिगार. हेर्नहूटचे रहिवासी मात्र अशा बंधनातून मुक्त राहतील, असे त्या नियमांत नमूद झाले. आश्रयार्थी मालकाच्या दयेवर जगणारे कूळ राहिले नाहीत. त्यांना कायद्याचा आधार मिळाला. त्यांच्यातूनच बारा वडील निवडले गेले, आणि त्यांत सुतार व कारागीर होते.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक घटना घडली. झिटाउ शहराच्या ग्रंथालयात काउंटच्या हाती कोमेनियस यांनी प्रसिद्ध केलेला, जुन्या बंधु-मंडळीच्या शिस्तीविषयीचा लॅटिन ग्रंथ आला. वाचता वाचता ते चकित झाले. आपल्या जहागिरीवरील हे सुतार-लोहार ज्या रीतींचा हट्ट धरीत होते, त्या कुणा अडाण्यांच्या लहरी नव्हत्या. ल्यूथरच्याही आधीच्या एका मंडळीचा तो वारसा होता. त्यांनी त्या ग्रंथातील भाग जर्मन भाषेत उतरविला आणि हेर्नहूटला आणून लोकांना वाचून दाखविला. विचार करा, वाचकहो. हाकलून लावलेल्या लोकांना त्यांचा स्वतःचाच इतिहास त्यांच्या यजमानाने भाषांतर करून परत दिला! अन्नवस्त्र पुष्कळजण देतात. पाहुण्याची आठवण समजून घेण्यासाठी ग्रंथालयात जाऊन बसणारा यजमान विरळा.

१३ ऑगस्ट १७२७ रोजी बेर्थेल्सडॉर्फच्या मंदिरात सर्वांनी मिळून प्रभुभोजन घेतले. त्या दिवशी पवित्र आत्म्याने मने वितळविली, भांडणारे एकमेकांच्या गळ्यात पडले, असे मोराव्हियन मंडळी आजही कृतज्ञतेने सांगते. त्याच महिन्यात चोवीस पुरुष व चोवीस स्त्रिया यांनी दिवसरात्र तासातासाने मध्यस्थीची प्रार्थना वाटून घेतली. ती साखळी शंभर वर्षे चालली. १७२८ पासून दररोज एक वचन घरोघर पोहोचविण्याची रीत पडली. ही दैनिक वचने १७३१ पासून ग्रंथरूपाने छापली जातात आणि आजही जगातील अनेक भाषांत वाचली जातात.

तरीही मतभेद संपले नव्हते. काउंट मनाने लुथरन होते. या लोकांनी आपली वेगळी ओळख सोडून गावच्या लुथरन मंडळीत विलीन व्हावे, असा प्रस्ताव त्यांनी १७३१ च्या आरंभी मांडला. मोराव्हियन लोकांनी तो मानला नाही. शेवटी प्रार्थना करून चिठ्ठी टाकण्यात आली. निकाल जुनी शिस्त टिकविण्याच्या बाजूने लागला आणि काउंटनी तो शिरसावंद्य मानला. जमीन त्यांची, पैसा त्यांचा, तरी शब्द पाहुण्यांचा राहिला.

यजमान स्वतःच उपरी होतो

शेजारच्या साम्राज्याला हे सारे खपणारे नव्हते. आपली प्रजा फूस लावून पळविली जाते, अशी तक्रार ऑस्ट्रियाने केली. वस्तुतः काउंट सावध होते. येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी होई. केवळ बरे दिवस शोधण्यासाठी नव्हे, विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यासाठी जो आला असेल, त्यालाच ठेवून घ्यावे, असा त्यांचा नियम होता. तुरुंगात पडलेल्यांसाठी रदबदली करण्यास ते १७२६ मध्ये स्वतः मोराव्हियात क्रेमसिअर येथे कार्डिनलकडे जाऊन आले होते. तरीही १७३२ मध्ये सॅक्सनीच्या सरकारने चौकशी आयोग पाठविला. आयोगाला हेर्नहूटमध्ये वावगे काही सापडले नाही, पण राजकारणाला न्यायापेक्षा शेजाऱ्याची मर्जी अधिक महत्त्वाची वाटली. नवे आश्रयार्थी घेण्यास मनाई झाली. काउंटनी आपली जहागीर पत्नीच्या नावे केली.

सर्वांना वाचविणे त्यांना जमले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. सायलेशियातून आलेले श्वेंकफेल्ड पंथाचे निर्वासित १७२६ पासून त्यांच्या जमिनीवर राहत होते. १७३३ मध्ये त्यांना निघून जाण्याचा हुकूम झाला, आणि १७३४ मध्ये त्यांतील बरेचजण समुद्र ओलांडून पेन्सिल्व्हेनियास गेले. आश्रय देणाऱ्याच्या हातून निसटलेली ही माणसे त्याला जन्मभर आठवत असणार.

आणि १७३६ च्या मार्चमध्ये खुद्द झिंझेंडॉर्फ यांच्यावरच हद्दपारीचा हुकूम बजावला गेला. हॉलंडहून परतत असताना वाटेतच त्यांना तो कळला. उपऱ्यांना घर देणारा आता स्वतः उपरी झाला. आजोबांनी पाऊणशे वर्षांपूर्वी ज्या वाटेने पाय उचलला होता, त्याच वाटेवर नातू उभा राहिला.

तेव्हा त्यांनी कोठे बिऱ्हाड केले? वेटेराउ प्रांतातील रोनेबुर्ग नावाच्या पडक्या किल्ल्यात. भिंती ढासळलेल्या, आणि आत आसरा घेतलेली कंगाल, यहुदी व भटकी कुटुंबे. आधी पाहणीस गेलेल्या ख्रिस्टियन डेव्हिडने ती जागा सरदारांच्या राहण्याजोगी नाही असे कळविले, तेव्हा काउंटनी त्याला तो नुकताच कष्ट सोसून आलेल्या ग्रीनलंडची आठवण करून दिली आणि ते तेथेच राहावयास गेले. तेथील मुलांना त्यांनी अन्नवस्त्र दिले आणि शिकविण्याची सोय केली. या सर्व काळात घराचा, कर्जाचा आणि वसाहतीचा भार पत्नी एर्डमूथ यांनी वाहिला. बारा लेकरांची ती माता. त्यांतील बहुतेकांना तिने बालवयातच मूठमाती दिली. झिंझेंडॉर्फ यांचे नाव घेताना या माउलीला विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

१७३७ मध्ये बर्लिन येथे झिंझेंडॉर्फ यांना बंधु-मंडळीचे बिशप म्हणून दीक्षा मिळाली. हात ठेवणारे बिशप याब्लोन्स्की हे निर्वासित कोमेनियस यांचे नातू होते. एका निर्वासिताच्या नातवाने दुसऱ्या निर्वासिताच्या नातवाच्या मस्तकावर हात ठेवले!

आश्रितांचे प्रेषित झाले

हेर्नहूट ही केवळ आश्रमासारखी शांत वस्ती राहिली असती तर आज तिची आठवण कोणाला असती? १७३१ मध्ये कोपनहेगन येथे काउंटना वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस बेटावरचा आंटोन नावाचा आफ्रिकी वंशाचा सेवक भेटला. आपल्या गुलाम बांधवांना सुवार्ता ऐकविणारे कोणी नाही, हे त्याचे दुःख त्यांनी हेर्नहूटला येऊन सांगितले. २१ ऑगस्ट १७३२ रोजी कुंभार लिओनहार्ड डोबर आणि सुतार डेव्हिड निट्शमान पायी निघाले. यांतील निट्शमान मोराव्हियातून पळून आलेल्यांपैकी. पुढे ग्रीनलंड, सुरिनाम, दक्षिण आफ्रिका असे सेवक जात राहिले. काउंटच्या मृत्यूपर्यंत ही संख्या दोनशेच्या वर गेली. दहा वर्षांपूर्वी ज्यांना स्वतःला घर नव्हते, ते दुसऱ्यांचे ओझे उचलावयास निघाले होते.

१७३९ मध्ये झिंझेंडॉर्फ स्वतः सेंट टॉमसला गेले. तेथे आपले मिशनरी तुरुंगात असल्याचे त्यांना आढळले, आणि त्यांनी त्यांची सुटका करविली. पण याच भेटीत त्यांनी गुलामांना आपल्या स्थितीत आज्ञाधारकपणे राहण्याचा उपदेश केला, आणि गुलामगिरी जणू देवाने नेमलेली आहे असे सांगितले. ज्याने हेर्नहूटच्या रहिवाशांना वेठीतून मुक्त केले, त्याला मळ्यांवरील साखळदंड तोडण्याची भाषा सुचली नाही. त्यांच्या जीवनातला हा डाग आपण झाकू नये. पुढे १७४० च्या दशकात त्यांच्या वसाहतींत भावनेचा अतिरेक झाला आणि कर्जाचा डोंगरही साचला. देव मातीच्याच भांड्यांतून आपले काम करवितो.

हद्दपारीच्या काळात वसलेली हेर्नहाग ही वसाहतही टिकली नाही. १७५० मध्ये तेथील सत्ताधाऱ्याने रहिवाशांना झिंझेंडॉर्फ यांच्याशी संबंध तोडण्याची शपथ घ्यावयास सांगितली. सुमारे एक हजार लोकांनी शपथेऐवजी घरे सोडणे पत्करले. त्यापूर्वी, १७४७ मध्ये, सॅक्सनीने काउंटवरील हद्दपारी उठविली होती, आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी हेर्नहूटच्या परिसरात घालविली. एर्डमूथ १७५६ मध्ये प्रभूकडे गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी आना निट्शमान यांच्याशी विवाह केला. आना ही लहानपणी आईबापांबरोबर मोराव्हियातून पळून आलेली, लोकर कातणारी गरीब मुलगी. चौदाव्या वर्षीच तिला हेर्नहूटच्या स्त्रियांची मुख्य वडील म्हणून निवडण्यात आले होते. साम्राज्यातील सरदाराने निर्वासित कारागिराच्या मुलीशी लग्न करणे त्या काळी लोकांना किती खटकले असेल, याची कल्पना आपल्या देशात राहणाऱ्यांना सहज येईल. ९ मे १७६० रोजी झिंझेंडॉर्फ निजले. त्याच महिन्यात आना त्यांच्यामागून गेल्या. हूटबर्गच्या उतारावर, आपल्या आश्रितांच्या सोबतीने, त्यांना मूठमाती देण्यात आली.

आपल्यावरील ऋण

वाचकहो, हा जुना परदेशी इतिहास आपल्या किती जवळ आहे, ते आता पाहा. १७९२ मध्ये इंग्लंडमधील केटरिंग येथे विल्यम केरी यांनी आपल्या सहकाऱ्यांसमोर मोराव्हियन मिशनऱ्यांची छापील वृत्ते ठेवली आणि या साध्या माणसांनी जे केले ते आपण का करू नये, अशा अर्थाचा प्रश्न त्यांना घातला, असे सांगतात. त्या सभेतून जी संस्था निघाली, तिने केरींना भारतात पाठविले. सेरामपूरच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मराठी मत्तयकृत शुभवर्तमान आणि १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. आज मी ज्या कामाला रोज बसतो, त्याची एक मुळी अशा रीतीने हूटबर्गच्या टेकडीवरील त्या पहिल्या तोडलेल्या झाडापर्यंत जाते.

दुसरी मुळी हिमालयात आहे. मोराव्हियन मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लाहौलमधील केलाँग येथे आले. १८५७ मध्ये त्यांना येऊन मिळालेले हाइन्रिख आउगुस्ट येश्के यांनी तिबेटी शब्दकोश रचला आणि नव्या कराराचे तिबेटी भाषांतर बहुतांशी सिद्ध केले. ते हेर्नहूटमध्येच जन्मलेले; आणि आडनाव तेच, पहिल्या रात्रीच्या टोळीत आलेल्या मिखाएल येश्केचे. १९५९ नंतर तिबेटमधून निर्वासितांचे लोंढे भारतात आले, तेव्हा लडाखमधील याच मंडळीचे पाळक एलिया त्सेतन फुंत्सोग यांनी १९६३ मध्ये देहरादूनजवळ राजपूर येथे तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी मोराव्हियन संस्था सुरू केली. निर्वासितांनी वसविलेल्या मंडळीने अडीचशे वर्षांनी, दुसऱ्या खंडात, दुसऱ्या निर्वासितांसाठी दार उघडले.

आपण मराठी ख्रिस्ती लोकही आज देशभर विखुरलेले आहोत. इंदूर, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर येथे नोकरीनिमित्त गेलेल्या कुटुंबाला पहिल्या रविवारी मंदिराच्या शेवटच्या बाकावर कसे वाटते, ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पण आपल्यापेक्षाही उपरी असलेले लोक आपल्या आसपास आहेत. म्यानमारहून आलेली चिन ख्रिस्ती कुटुंबे दिल्लीच्या वस्त्यांतून अनेक वर्षे राहत आली आहेत. २०२१ नंतर सीमा ओलांडून आलेल्या हजारोंना मिझोराममधील मंडळ्यांनी आपल्या तुटपुंज्या साधनांतून आधार दिला. ज्यांची भाषा आपल्याला येत नाही, ज्यांची उपासना आपल्याला निराळी वाटते, ज्यांच्याजवळ कागदपत्रे नाहीत, अशांपैकी कोणी आपल्या मंडळीच्या दारी आला, तर आपण काय करू?

झिंझेंडॉर्फ यांच्या जीवनातून मला या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळते. प्रथम गाय द्या. लेकरांना दूध हवे असते. मग त्यांच्याजवळ राहावयास जा. त्यांना नियमांत आणि अधिकारात वाटा द्या. त्यांचा इतिहास त्यांच्याकडून शिका. ते भांडले, चुकले, कृतघ्न वाटले, तरी दार लावू नका. आणि एक दिवस या साऱ्याची किंमत तुमच्याकडून मागितली गेली, तर नवल मानू नका. ज्या प्रभूला जन्मताच घोड्याच्या नव्हे तर गव्हाणीच्या आसऱ्याला निजावे लागले आणि तान्हेपणीच मिसर देशी पळावे लागले, त्याच्या मागे चालणाऱ्यांना हे ठाऊक असावयास हवे.

आपल्या वेशीच्या आत आज कोण उपरी राहतो? येत्या रविवारी मंदिरातून बाहेर पडताना शेवटच्या बाकाकडे एकदा पाहा, आणि त्याचे नाव विचारा.